विषय: आई-बाबांना वेल्समधले किल्ले दाखवायचेत, चार दिवस आहेत

प्रेषक: नचिकेत

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटी आई-बाबा साताऱ्याहून बर्मिंगहॅमला येतायत. बाबांना किल्ले हवेत, आईला बागा. चार दिवसांत कॉनवी, कार्नार्वन, बोमॅरिस, हार्लेक आणि परतताना कॅर्फिली व टिंटर्न अ‍ॅबी असं ठरवलंय. कॅडूचा वार्षिक पास घ्यावा की नॅशनल ट्रस्टचा? की दोन्ही एकच? बाबा ७१ वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण ते कबूल करत नाहीत.

– नचिकेत

प्रेषक: मेधाताई

नचिकेत, यादी वाचूनच माझे पाय दुखायला लागले. कॉनवी ते टिंटर्न म्हणजे अख्खा वेल्स वरून खाली, तोही वळणावळणाच्या रस्त्यांनी. दोघं चार दिवस काचेतून मेंढ्या मोजतील. कॅर्फिली आणि टिंटर्न पुढच्या खेपेला ठेव.

आधी पासाचं. दोन्ही वेगळे आहेत. कॅडू ही वेल्स सरकारची संस्था, नावाचा अर्थच ‘जपणे’. तुझ्या यादीतले चारही उत्तरेकडचे किल्ले तिच्याकडे आहेत. बॉडनंटची बाग नॅशनल ट्रस्ट या स्वयंसेवी संस्थेची, तिथे कॅडूचा पास चालत नाही. तू वर्षभर फिरणार असशील तर कॅडूचा घे. त्यावर इंग्लंडमधल्या अशाच संस्थेच्या, इंग्लिश हेरिटेजच्या, जागांनाही पहिल्या वर्षी अर्धं तिकीट पडतं आणि नूतनीकरणानंतर फुकट.

आता मला खरं जे सांगायचंय ते. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपला गड येतो, आपल्या माणसांनी राखलेला. इथे नेमकं उलटं आहे. १२८२ मध्ये वेल्सचा राजा शेवटचा लिवेलिन मारला गेला, आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने जिंकलेल्या मुलखावर पाय रोवायला हे किल्ले बांधले. कॉनवी १२८३ ते १२८७ मध्ये उभा राहिला, खर्च सुमारे १५,००० पौंड. आठ बुरूज, शिवाय गावाभोवती २१ बुरुजांचा तट, आणि तटाच्या आत इंग्रज वसाहत. बाबांना हे आधी सांग, म्हणजे ते ‘वा, काय बांधणी!’ म्हणून थांबणार नाहीत. (बांधणी वा म्हणण्यासारखीच आहे, तो भाग वेगळा.)

कॉनवीच्या त्या जागेवर आधी सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. या लिवेलिनचा आजोबा, थोरला लिवेलिन, १२४० मध्ये तिथेच वारला आणि तिथेच पुरला गेला. एडवर्डने मठाला उठवून नदीच्या वरच्या अंगाला मेनानला धाडलं आणि ती जागा आपल्या किल्ल्याला आणि गावाला घेतली. मठाचं चर्च मात्र राहिलं, आज ते गावाचं सेंट मेरीज आहे. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात मेनानचाही मठ मोडला. थोरल्या लिवेलिनची म्हणून सांगतात ती दगडी शवपेटी आता लानरूस्टच्या चर्चमध्ये आहे. रिकामी.

म्हणजे किल्ला, मठ आणि राजाची पेटी, सगळं एका नदीकाठी. बॉडनंटही त्याच खोऱ्यात. तेवढंच कर. एक दिवस लानबेरिसला डोलबॅडर्नला जा. तो वेल्श राजांचा किल्ला, आज एक गोल बुरूज उरलाय. तिकीट नाही.

– मेधाताई

प्रेषक: श्रीरामकाका

मेधा, पोविसचा किल्ला कसा विसरलीस? नचिकेत, परतताना वेल्शपूलवरून ये. टिपूचा छिटाचा तंबू तिथे आहे, सिंहासनाचं वाघाचं मुंडकंही. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याची बायको पोविसच्या घराण्यातली. त्यामुळे सामान इकडे आलं. आईंना बाग आवडेल. तंबू बघून बाबा काय म्हणतात ते मला नक्की कळव.

– श्रीराम

प्रेषक: नचिकेत

मेधाताई, काका, काल रात्री परतलो. उशिरा का होईना, कळवतो.

कॉनवीला बाबा गोल जिन्याने एका बुरुजावर गेले, तेवढ्यात गुडघ्याने दम दिला. मग खाली अंगणात बसून तटाकडे बघत राहिले. आई म्हणाली, ‘अजिंक्यताऱ्यावर असे कधी बसला नाहीत!’ बाबांनी मान हलवली, बस्स.

डोलबॅडर्नला मात्र चित्र पालटलं. तळ्यावरच्या टेकाडावर एकटा बुरूज, मागे डोंगर, पलीकडे खिंड. चढ थोडका होता, काठी टेकत गेले. मी सांगितलं की इंग्रजांनी हा घेतल्यावर इथली लाकडं काढून कार्नार्वनच्या किल्ल्याला नेली. तेव्हा बाबा एकच बोलले: ‘म्हणजे हा आपल्यातला.’ तासभर हलायलाच तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्नार्वनला गेलो नाही, त्यांचीच इच्छा नव्हती.

बॉडनंटला लॅबर्नमची ५५ मीटरची कमान नेमकी फुललेली. आई आत शिरली आणि ओरडलीच, ‘अरे, हा तर बहावा!’ माळीबाई जवळच होत्या. मी तोडकंमोडकं समजावलं. त्या म्हणाल्या, तुमच्या बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात, पण झाड वेगळं, आणि याच्या शेंगा विषारी. आईने पाकळी उचलून वास घेतला आणि ‘नाही, बहावा नाही’ असा निकाल दिला.

लानरूस्टला चर्चमध्ये आम्हीच तिघं होतो. पेटीच्या बाजूंवर चार पाकळ्यांची नक्षी आहे. बाबांनी बूट काढले. फरशी गार होती, मी म्हटलं, काढू नका, पण ऐकतात कुठे!

काका, पोविसला तंबूपुढे बाबा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘कापड किती पातळ आहे रे.’ एवढंच. लाल दगडाचा वाडा आणि गच्च्यांच्या बागा आईला बॉडनंटपेक्षाही आवडल्या.

हार्लेक राहिलं. बाबांनी परतीच्या तिकिटाची तारीख पुढे ढकलायला किती पडतील ते विचारलंय. मंडळात कुणाला विमानकंपनीचा अनुभव असेल तर सांगा.

– नचिकेत