'खोट्या कळा': दुसरा शब्द आहे का?

रानजाई:
माझी भाची पहिलटकरीण. नववा लागल्यावर एका संध्याकाळी पोटात दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. तपासून सांगितलं, "खोट्या कळा आहेत, घरी घेऊन जा." निदान बरोबरच होतं. पण नंतर खरोखर कळा सुरू झाल्या तेव्हा तिने पहाटेपर्यंत कोणाला उठवलं नाही. "परत खोट्या निघाल्या तर?" म्हणाली. आपल्यालाच खोटं ठरवलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. याला मराठीत दुसरा शब्द आहे का?

टिपकागद:
'मिथ्या' म्हटलं तरी तेच. १८७२ मध्ये जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी या आकुंचनांचं वर्णन केलं, म्हणून इंग्रजीत त्यांचं नाव चिकटलं. गर्भाशयाचा स्नायू खराच आवळतो, फक्त त्याने पिशवीचं तोंड उघडत नाही. म्हणजे 'खोट्या' हे वर्णनच चुकीचं आहे.
'वेणा' (वेदनाचंच रूप) बाळंतपणापुरता राखीव. 'कळ' कुठेही उठते, दाढेत, पाठीत. शिवाय 'जरा कळ काढ' म्हणजे सोस, थांब. भाचीने रात्रभर तेच केलं.

चाफेकळी:
लेबर रूममध्ये सिस्टर होते. आम्ही 'पोट कडक होतंय' म्हणायचो, कारण बायका तसंच सांगतात: "सिस्टर, पोट दगडासारखं होतं आणि मग सुटतं." तपासल्यावर मी म्हणायची, "पोट कडक होतंय, पण पिशवीचं तोंड अजून उघडलेलं नाही. थोडं चाललीस, कूस बदललीस की बहुतेक थांबेल. ठरावीक वेळाने, जवळजवळ यायला लागलं, पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळ कमी हललं, तर रात्री दोन वाजले तरी ये." हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नये. आणि सदतीस आठवडे भरायच्या आत असं होत असेल तर घरी थांबायचंच नाही, लगेच दाखवायचं.

याहून मला 'अंगावरून जातंय' या शब्दाची काळजी वाटते. पांढरं, पाणी, रक्त, तिन्हीला बायका हेच म्हणतात. बाई लाजून पुढे बोलत नाही आणि घाईत नवी सिस्टर 'पांढरं' धरून चालते. रंग कोणता आणि कापड किती भिजलं, हे विचारलंच पाहिजे.

निंबोळी:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ओपीडीच्या गर्दीत 'खोट्या कळा' दोन शब्दांत समजतं, सासूलाही समजतं, म्हणून मी तो वापरते. मला 'फेल' जास्त खटकतो. "नॉर्मल फेल गेली, सिझर करावं लागेल," हे टेबलावरच्या बाईसमोर बोललं जातं आणि ती ते वर्षानुवर्षं विसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट आहे की तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, ही अपेक्षा कित्येक जणींच्या बाबतीत अवास्तव असते. पाच सेंटीमीटरनंतर पहिलटकरणीला बारा तासही लागू शकतात. 'अजून वेळ लागतोय' म्हणा. सिझर लागलंच तर कशासाठी, ते सांगा. बाळाचे ठोके कमी झाले, डोकं खाली सरकत नाही, जे असेल ते.

सातपुडा:
मेळघाटात हा सगळा प्रश्न आणखी एक पायरी मागे आहे. तिथे बऱ्याच बायकांची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. डॉक्टर मराठीत किंवा हिंदीत विचारतात, आशाताई कोरकूत विचारते, उत्तर परत मराठीत येतं. आशाताई दारापर्यंत येते, पण लेबर रूममध्ये तिला आत घेतलंच जाईल असं नाही. मग आत नुसतं "जोर कर, जोर कर" उरतं. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात (२०१७) सन्मानाची वागणूक आणि सोबतीण दोन्ही आहेत. सोबतीण बाईची भाषा बोलणारी असावी, एवढं तरी पाळलं गेलं पाहिजे.

रानजाई:
चाफेकळीताई, 'पोट कडक होतंय' पक्का. निंबोळी, सासूला समजतं हे खरंच. पण घरी आल्यावर "खोट्याच होत्या" हे सगळ्यांना सांगणारी सासूच होती, आणि तिथेच भाची मिटली. सातपुडा, पोट कडक होण्याला कोरकूत काय म्हणतात, आशाताईंना विचारून इथे लिहाल का?