शेजारच्या ट्रॅव्हलर कुटुंबात फर्स्ट कम्युनियनला बोलावलंय, आहेर काय करू?

लिमरिकची_सून: आयर्लंडला येऊन दीड वर्ष झालं. शेजारचं कुटुंब ट्रॅव्हलर, म्हणजे इथल्या भटक्या समाजातलं आहे. त्यांच्या मुलीचं मे महिन्यात फर्स्ट कम्युनियन (कॅथलिक मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात तो सोहळा), आम्हाला सगळ्यांना बोलावलंय. ऑफिसात एक जण म्हणाला, "जाऊ नकोस." का, ते सांगेना. हे लोक जिप्सीच ना? आणि आहेर काय करतात?

वॉर्डातली_मावशी: जिप्सी नव्हेत गं. जिप्सी म्हणजे रोमा, ते मूळचे भारतातले, हे अस्सल आयरिश. 'टिंकर' तर चुकूनही म्हणू नकोस. पूर्वी गावोगाव हिंडून पत्र्याची भांडी करायचे, डाग द्यायचे, त्यावरून पडलेलं नाव. आता ती शिवी आहे. 1 मार्च 2017 ला सरकारने त्यांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता दिली. आपण त्यांच्या लेखी 'सेटल्ड', म्हणजे एका जागी स्थिरावलेले. व्हिसाच्या तारखा मोजणारे आपण, सेटल्ड!

मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. पहिल्या ट्रॅव्हलर बाळंतिणीला भेटायला नियम दोघांचा आणि दारात चौदा जणी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजीने दुधाचा डबा माझ्यापुढे धरला, "सोयाचाच आहे ना?" त्यांच्यात गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर बाळाच्या अंगाला न चालणारा जन्मजात आजार) जास्त, कारण लग्नं बरीचशी नात्यातच, आपल्याकडे मामाची मुलगी करतात तशी. म्हणून तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत बाळाला आईचंही दूध देत नाहीत, सोयाचं देतात. आजीला ते माझ्याआधी ठाऊक होतं. मग चौदा जणींना दोन-दोन करून आत सोडलं, काय करणार.

आहेर म्हणजे कार्डात वीस-तीस युरो. वर एक युरो नको. पोरीचा झगा नवरीपेक्षा घेरदार असेल, किंमत विचारू नकोस.

कॉर्ककर: सगळं गोड आहे हो. आमच्या रस्त्याला त्यांच्या कॅराव्हॅन (राहायच्या गाड्या) लागल्या होत्या तेव्हा कचऱ्याचा ढीग झाला होता.

वॉर्डातली_मावशी: झाला असेल. तिथे कचरागाडी येत होती का? 2002 च्या कायद्याने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत मुक्काम टाकणं हा गुन्हा झाला आणि कौन्सिलच्या हॉल्टिंग साइट, म्हणजे त्यांच्यासाठी नेमलेल्या मुक्कामाच्या जागा, पुरत नाहीत. कॅराव्हॅन लावायची कुठे मग?

लिमरिकची_सून: जातोय आम्ही. लेकीला परकर-पोलकं घातलं तर चालेल ना?

वॉर्डातली_मावशी: घाल की. जरीचं असेल तर सगळ्या आज्या हात लावून बघतील, तयारीत राहा.