दहावीनंतरच्या मुलांसाठी निसर्ग-डिझाइन कार्यशाळा कशी घ्यावी? (देवगड तालुका)

वाचनालय_ताई

नमस्कार मंडळी. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीकाठी. गावच्या वाचनालयाचं काम मी बघते. सातवी-आठवीपर्यंत मुलं येतात, पुस्तकं नेतात, चित्रं काढतात, काहीबाही खटपट करत असतात. दहावी झाली की गायब. आली तरी पंख्याखाली मोबाइल घेऊन बसतात, तेही आमच्या वायफायसाठी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही 'ए' ग्रेडने पास झालेली एक मुलगी आहे. दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण पदरात पडले आणि तिने ब्रश ठेवला तो ठेवलाच. विचारलं तर म्हणते, "आता कशाला?"

या पंधरा ते वीस वयाच्या मुलांसाठी काहीतरी करायचं डोक्यात आहे. समितीने थोडे पैसेही मंजूर केलेत. मागे शहरातून एक संस्था आली होती. त्यांनी काचेच्या बाटल्यांवर वारली काढून घेतली, सुतळी गुंडाळली, फोटो काढले, प्रमाणपत्रं वाटली आणि गेले. बाटल्याही तेच घेऊन आले होते! वारली पालघरकडची. आमच्या जिल्ह्यात पिंगुळीची चित्रकथी आहे, ती कोणाला आठवली नाही. तसलं पुन्हा नकोय.

मे महिन्याच्या सुट्टीत घ्यावं का? साहित्य काय लागेल? कोणी केलं असेल तर सांगा.

बागवालो

मे म्हयन्यात? पोरां बागेत आसतली. आंबो काढूक आणि पेट्यो भरूक कोण येतला, वाचनालय? आदी तारीख बदला, मगे बाकीचा बोला.

माणगा

बागवाल्यांचं बरोबर आहे, मे नकोच. पण आंबा सोडू नका.

मी कुडाळकडे बांबूचं फर्निचर करतो. डिझाइन शिकलो पुण्यात, काम इथे. अधूनमधून कॉलेजची पोरं माझ्या शेडमध्ये येऊन बसतात, त्यावरून सांगतो. यांची कल्पकता आटली वगैरे मला पटत नाही. त्यांच्या हातात कोणी खरं काम देत नाही, एवढंच. बाटलीवर सुतळी गुंडाळायला डोकं लागतच नाही, तर ते चालणार कुठे?

आंबे काढायची एक जुनी घळ आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, दोन्ही आणा. घळीने आंबा ओढला की देठ मुळापासून सुटतो, चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ देठाकडून कुजायला लागतं. नूतन झेल्याला पातं असतं, त्यामुळे थोडा देठ राखून फळ कापलं जातं आणि जाळीत पडतं. मुलांना दोन्ही वापरू द्या. मग खाली बसून चित्र काढायला लावा: पातं कुठल्या कोनात आहे, जाळीचं तोंड केवढं, काठी कुठे वाकते. चित्र सुंदर यायची गरज नाही. ते बघून दुसऱ्याला झेला बनवता आला पाहिजे.

त्यानंतर एकच प्रश्न विचारा: यात तुला काय खटकतं? आमच्याकडच्या एका पोराने सांगितलं, जाळीत दोन-तीन आंबे पडले की पुढचं टोक जड होतं आणि मनगट भरून येतं. त्याने काठीला खांद्यावर टेकवायला आडवा दांडा बांधला. तो फांद्यांत अडकायला लागला. मग दांडा काढून गोणपाटाचा पट्टा लावला, खांद्यावरून घ्यायचा. तो दुरून भिकार दिसतो, पण काम करतो. हा पोरगा बारावीत दोन विषय राहिलेला, घरात 'कायच करत नाय' म्हणून प्रसिद्ध.

झेला मोसमात बागेतच वापरून घ्या; कार्यशाळेची वेळ म्हणाल तर चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस. तेव्हा मुंबईची पोरंही गावात यायला लागतात आणि माटवी बांधायचीच असते. गणपतीवरची ती चौकट म्हणजे रचनेचा आयता धडा आहे. कवंडाळाची फळं जड आणि लालभडक, ती कुठे लोंबकळवायची? आयनाची फळं, कांगण्या, हरणाची फुलं, तेरडा, नारळ, आंब्याचे टहाळे, सगळं एका चौकटीत बसवायचं, डोळ्याला गच्च वाटता कामा नये आणि चौकट एका बाजूला झुकताही कामा नये. दरवर्षी मोठी माणसं बांधतात आणि पोरांना नुसतं "ता दी, ह्या धर" म्हणून पळवतात. एक वर्ष अख्खी माटवी पोरांवर सोडा. रानात जाऊन ओळखून आणण्यापासून. शेरवडाचं पांढरं पान हातात घेतील तेव्हा सांगा, ते पान नव्हेच, फुलाच्या निदलाचाच एक भाग मोठा होऊन पांढरा झालाय, कीटकांना लांबून दिसावा म्हणून. जाहिरातीचा फलक झाडाने आपला आपण लावलाय. (प्लास्टिकच्या माळा मात्र त्या वर्षी कपाटात. यावरून घरात भांडण होईल, होऊ द्या.)

साहित्य एकच ठेवा. आपल्याकडे माणगा बांबू आहे, बराचसा भरीव, काटे नाहीत, घरामागे मिळतो. थेट खिळा ठोकला की फाटतो. आधी भोक पाडायचं, मग बांबूचीच खुंटी. हे पोरांना आधी सांगू नका, एक-दोन फाटू देत. फक्त पावसात तोडलेला बांबू देऊ नका, त्याला भुंगा लागतो. दिवाळीनंतर तोडून सावलीत वाळवलेला ठेवणीतला घ्या. आणि जमलं तर एकदा कुडाळच्या कॉनबॅकमध्ये, म्हणजे बांबूवर काम करणाऱ्या संस्थेत, घेऊन जा. बांबू म्हणजे सूप-टोपली एवढंच माहीत असलेल्या पोराला तिथे बांबूची इमारत बघायला मिळते.

सड्यावरची

मी रत्नागिरीकडे कलाशिक्षिका आहे. माणगा यांनी छान लिहिलंय, पण सगळीच मुलं हत्याराकडे वळत नाहीत. तुमच्या त्या 'ए' ग्रेडवाल्या मुलीचा विचार करतेय.

आमच्या मुलांना कशेळीला नेलं होतं. तिथला कातळशिल्पातला, म्हणजे उघड्या कातळावर जुन्या काळी कोरलेला, हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले. बघून आल्यावर शाळेच्या मैदानात तेवढाच हत्ती रांगोळीने काढायला सांगितला. सोबत दोरी आणि खुंट्या, बाकी काही नाही. पाच मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला, कारण आपण सोंडेवर उभे असताना शेपूट कुठे जातेय ते दिसतच नाही. एकाने गच्चीवर जाऊन ओरडून सांगायचं ठरवलं, दुसऱ्यांनी वहीत चौकोन आखून पावलांनी मोजायला घेतलं. मग त्यांनीच विचारलं, "बाई, ज्यांनी हत्ती कोरला त्यांच्याकडे तर गच्चीही नव्हती, मग?" मी उत्तर दिलं नाही. कोणाकडे आहे?

तुम्हाला कुडोपीची कातळशिल्पं जवळ पडतील, मालवण तालुक्यात. कशेळी आणि कुडोपी दोन्ही २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. चपला काढून, कडेने बघायचं. फोटोत उठून दिसावं म्हणून रेषांत खडू भरणारे लोक असतात, तो प्रकार अजिबात करू देऊ नका.

श्रावण-भाद्रपदात गेलात तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, निळी सीतेची आसवंही असतील. भिंग न्या. सड्यावरच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून ही वनस्पती बारीक फुग्यांत जीव पकडते. हा सापळा मोठा करून कागदाचा बनवा म्हटलं तर त्या मुलीला ब्रश आपोआप लागेल.

वाचनालय_ताई

केवढं सुचवलंत! चतुर्थीआधीचं नक्की करते. दोन शंका आहेत. खाडीत कांदळवन दाखवायचं तर कधी जावं? आणि पालक विचारणार, "याने पुढे काय मिळणार?" त्यांना काय सांगू?

बागवालो

खाडयेर जातलास तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, मोबाइल नको. अष्टमीक सा वाजता भरती, बारा वाजता सुकती. चिखल बघूचो आसात तर अमावास्येक सकाळी पाच-साच्या सुमाराक जावा, तेव्हा पाणी खूप आत जाता. तिवराच्या मुळांत पोरांका नाचूक देव नको. पाय कापतले आणि झाडांचीय नासाडी.

माणगा

पालकांसाठी: आयआयटी मुंबई यूसीड नावाची परीक्षा घेते, बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी. कुठल्याही शाखेची मुलं बसू शकतात, आणि त्यात एक भाग हाताने चित्र काढायचा असतो. हे ऐकलं की बाबा लोक गप्प होतात. सगळी पोरं तिकडे जाणार नाहीत आणि जायची गरजही नाही, पण मुलांना पाठवायला तेवढं कारण पुरतं.

आणि शेवटी प्रदर्शन ठेवू नका. जे बनेल ते कोणाच्यातरी घरात, बागेत वापरायला द्या. वाचनालयात एक वही ठेवा, काय मोडलं आणि कुठे मोडलं हे वापरणाऱ्याने येऊन लिहायचं. पुढच्या वर्षीची कार्यशाळा त्या वहीतूनच सुरू करता येईल.