बुडबुडे नाहीत, कारण तिथे पाणी तयार होतं
कॉपर ऑक्साईडवर आम्ल टाकलं तर बुडबुडे का येत नाहीत, असं एकाने विचारलंय. तिथे हायड्रोजन वायू सुटतच नाही. ऑक्साईडमधला ऑक्सिजन आम्लातले दोन हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) ओढून घेतो, त्याचं पाणी होतं आणि उरतो तो क्षार. म्हणजे हे सरळसरळ उदासिनीकरण (आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होणं).

करून बघणार असाल तर विरल सल्फ्युरिक आम्ल कोमट करा, त्यात कॉपर ऑक्साईडची काळी पूड चिमूटचिमूट घालून ढवळत राहा (डोळ्यांवर चष्मा हवाच). काळेपणा विरत जातो आणि द्रावण निळंशार होतं. फार सुंदर दिसतं ते! नुसत्या तांब्यावर मात्र हेच विरल आम्ल चालत नाही. तांब्याला आधी इलेक्ट्रॉन गमवावे लागतात. ऑक्साईडमध्ये ते काम होऊन गेलेलं असतं.