परळला उपचारांसाठी आलेल्यांनी परवडणाऱ्या दरात कुठे जेवावे?

लातूरकर:
माझ्या वडिलांवर परळच्या टाटा रुग्णालयात घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू झाले असून आई, वडील आणि मी असे तिघे अजून सहा आठवडे तरी मुंबईत राहणार आहोत. दादरला एका धर्मशाळेत खोली मिळाली आहे, परंतु तिथे स्वयंपाक करण्याची परवानगी नाही. पहिल्या आठवड्यात रुग्णालयाजवळच्या एका हॉटेलात दोन्ही वेळा जेवलो, तेव्हा एका दिवसात जेवढे पैसे गेले तेवढ्यात गावाकडे आमचा आठवड्याचा किराणा येतो. शिवाय वडिलांना तिखट किंवा कोरडे काही गिळवत नाही, त्यामुळे त्यांच्या ताटातले निम्मे अन्न तसेच राहते आणि ते पाहून आईलाही घास उतरत नाही. साधे, शाकाहारी, घरच्यासारखे जेवण या भागात कुठे मिळेल, हे माहीतगारांनी कृपया सांगावे.

गिरणगावकर:
दादा, सहा आठवड्यांचा मुक्काम असेल तर रोज नवे हॉटेल शोधत बसू नका, सरळ खानावळ किंवा डबा लावा. परळ-लालबाग हा गिरण्यांचा भाग. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत असत, आणि उधारीवर किराणा भरून, चढे व्याज सोसून ती बाई दहा-वीस माणसांचे ताट वाढत असे. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि खानावळीही कमी झाल्या, तरी घरगुती डबे देणाऱ्या बायका या भागात आजही आहेत. त्यांच्या पाट्या क्वचितच दिसतात, म्हणून चाळीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याकडे किंवा पिठाच्या गिरणीवर चौकशी करा.

ठरवण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. पहिली म्हणजे खाडा धरतात का. रुग्णालयात ऐनवेळी थांबावे लागून डबा नको झाला, तर त्या दिवसाचे पैसे वजा झाले पाहिजेत, आणि त्यासाठी आदल्या रात्री कळवावे लागते की सकाळी कळवले तरी चालते, हेही विचारा. दुसरी म्हणजे पोळ्या, भाजी, भात सुटे मिळते का. तिघांसाठी तीन पूर्ण डबे घेण्याची गरज नसते. दोन डबे आणि वर वाटीभर जास्तीचा वरणभात एवढ्यात तुमचे व्यवस्थित भागेल.

दादरची सून:
सासूबाईंच्या उपचारांच्या वेळी मी याच प्रसंगातून गेले आहे, म्हणून वडिलांच्या जेवणापुरते लिहिते. दादर पश्चिमेला पोळी-भाजी केंद्रे पुष्कळ आहेत. तिथे पोळ्या नगावर आणि भाजी वजनावर मिळते, त्यामुळे हवे तेवढेच घेता येते. मी एका केंद्रातल्या काकूंना अडचण सांगितली, तेव्हा त्या रोज साडेअकराला फोडणीच्या आधीचे वरण आमच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या. त्यात मऊ भात कालवून, वर चमचाभर तूप घालून सासूबाई निदान अर्धी वाटी तरी खात असत. तुम्हीही संकोच न करता विचारा, कारण या भागातल्या लोकांना रुग्णांच्या गरजा ठाऊक असतात. डबा गरम असतानाच आणा, रस्त्यावरची कापलेली फळे आणि उघडे रस टाळा, आणि काय द्यावे व काय देऊ नये हे रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

माटुंगेकर:
आईंना आणि तुम्हाला एखादे दिवशी पोटभर जेवायचे असेल, तर परळहून धीम्या लोकलने दुसऱ्याच स्थानकावर, माटुंग्याला उतरा. स्थानकासमोर उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, जे 1942 पासून चालू आहे आणि रामा नायक यांचे म्हणून ओळखले जाते. तिथे केळीच्या पानावर सांबार, रसम, भाजी आणि भात आग्रहाने वाढतात. लालबागला भारतमाता चित्रपटगृहाजवळचे लाडू सम्राट न्याहारीसाठी चांगले आहे.

लातूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी एका पिठाच्या गिरणीवर विचारले आणि दुपारपर्यंत डबा ठरलासुद्धा. त्या ताई खाडाही धरतात. आणखी एक विचारतो. रुग्णालयाबाहेर दुपारी मोफत जेवण वाटतात, असे इतर नातेवाइकांकडून कळले. पुढे पैसे कमी पडले तर तिथे जावे लागेल, पण वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि फुकटचे खाणार नाही असे ते म्हणतात. काय करावे?

गिरणगावकर:
हरखचंद सावला यांनी सुरू केलेला जीवन ज्योत ट्रस्ट अनेक वर्षांपासून तिथल्या रुग्णांना आणि नातेवाइकांना जेवण देत आला आहे. ते जेवण तुमच्यासारख्या, उपचारांसाठी घर सोडून आलेल्या लोकांकरिताच असते, म्हणून ते घेताना आपण दुसऱ्याचा वाटा घेतो असे अजिबात मानू नका. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागातही जाऊन या, औषधांच्या आणि राहण्याच्या मदतीबरोबर जेवणाच्या सोयींची माहितीही तिथे विचारता येते. पैसे देऊनच जेवायचे असा गुरुजींचा आग्रह असेल, तर शिवभोजन थाळी आहे. 26 जानेवारी 2020 रोजी राज्य सरकारने ती 10 रुपयांत सुरू केली आणि तिच्यात दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात असतो. केंद्र चालू आहे की नाही ते पाहूनच जा, आणि दुपारी लवकर जा, कारण थाळ्यांची संख्या ठरलेली असते.

दादरची सून:
आमच्या सासूबाईही अशाच होत्या. शेवटी मी त्यांना सांगितले की आपण घरी परतलो की इथल्या स्वयंपाकघराला तांदूळ पाठवू, आणि त्या तयार झाल्या. पुढच्या सुगीत आम्ही एक कट्टा पाठवला.