अँटी-हीरोला मराठीत काय म्हणाल?

रेवा_क: एका नटाची मुलाखत मराठीत करतेय. त्याला अँटी-हीरो, म्हणजे नायकाचे गुण नसलेले नायक, करायला आवडतात. मी 'प्रतिनायक' लिहिलं, संपादकांनी खोडून 'खलनायक' केलं. पण गोष्ट त्या पात्राचीच आहे हो! काय लिहू?

जुनापाणी: प्रतिनायक साफ चूक. 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. लोभी, उद्धट, पापी, व्यसनी. रामापुढचा रावण.

पेठकरीण: तो ग्रंथ लिहिणाऱ्या, दहाव्या शतकातल्या धनंजयाला विचारून आजचे शब्द ठरवायचे? आम्ही कॉलेजात अँटी-हीरोला प्रतिनायकच म्हणायचो.

सांगलीकर: 'सखाराम बाइंडर' घ्या. १९७२, तेंडुलकरांचं नाटक, सखाराम निळू फुले. त्याला खलनायक म्हटलं तर नायक कोण? आमची आजी पडद्यावर निळूभाऊ आले की बोटं मोडायची, आणि ते नसले की "सिनेमात दम नाही" म्हणायची.

पेठकरीण: सखाराम आवडतो कुणाला? मला किळस येते.

सांगलीकर: आवडतो कुठे म्हणालो? नजर हटत नाही. घरात आणलेल्या बाईला तो सगळ्या अटी आधीच सांगून टाकतो, ढोंग नाही. आपण त्याला मनातल्या मनात माफ करायला लागतो, आणि मग तो पट्टा काढतो.

चहाबाज: आणि लखोबा लोखंडे? 'तो मी नव्हेच', १९६२. सगळ्या थिएटरला माहीत असतं की हाच तो. तरी पणशीकर कोर्टात साळसूद चेहऱ्याने नाही म्हणाले की टाळी त्यांनाच.

जुनापाणी: लखोबा भामटा. इतका अस्सल शब्द असताना इंग्रजी कशाला?

पेठकरीण: मग 'एकच प्याला'तला सुधाकर?

जुनापाणी: तो शोकनायक. सगळे एका पोत्यात कोंबू नका.

कुंभारवाडा: खल म्हणजे खलबत्त्यातला खल. नायकाला कुटतो तो खलनायक.

रेवा_क: मग 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हणजे काय, कुटणं थांबवा?

कुंभारवाडा: हसा. पण माउली खळ मरोत म्हणत नाहीत, वाकडेपणा जावो म्हणतात. सखारामचा गेला तर नाटक बघायला कोण जाईल?

चहाबाज: व्यंकटी आणि व्यंकटेश एकच का?

जुनापाणी: नाही! वेगळा धागा काढा.

रेवा_क: उद्या पान लागतंय. कुणी एक शब्द द्याल का?

चहाबाज: कुंभारवाडा, बत्त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?