बाबागाडीच्या रंगाआधी सीटची पाठ सपाट होते का ते बघा

बाबागाडी आणि कार सीटच्या सेटबद्दलची तुमची पोस्ट वाचली. त्यातलं पिवळ्या-निळ्या कापडाचं कौतुक आणि 'एका हाताने घडी होते' हे दोन्ही मान्य. फक्त ती घडी कडेवर मूल घेऊन करून बघा, दुकानात मोकळ्या हातांनी सगळंच जमतं.

पण 'कार सीट चेसिसवर (बाबागाडीच्या चाकांच्या सांगाड्यावर) खटकन बसते, मग फिरायलाही तीच' हे पटलं नाही. आम्हीही पहिले दोन महिने तेच केलं. एकदा पाहिलं तर लेकीची हनुवटी छातीला टेकलेली! तान्ह्याची मान अजून धरलेली नसते; अर्धवट बसत्या स्थितीत डोकं पुढे कललं की श्वासाचा मार्ग दबू शकतो. कार सीट गाडीतल्या प्रवासापुरती, मुक्कामाला पोचलं की बाळाला बाहेर काढून सपाट झोपवायचं. म्हणून सेटमध्ये कॅरीकॉट (बाळाला सपाट झोपवायचा, पाळण्यासारखा भाग) किंवा पूर्ण आडवी होणारी सीट नसेल तर माझ्या लेखी तो बादच.

आणि हो, हँडलला भरलेली पिशवी अडकवाल तर मूल उचलताच बाबागाडी मागे उलटू शकते. खालची टोपली मोठी हवी. रंगीत कापडाचं म्हणाल तर ते काढून धुता येतं ना, एवढं विचारा.